सकाळचा पहिला 'आ'

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसला असशील आणि मग भाऊजींना म्हणाली असशील, याला काय झालं आता, फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे, बिघडलोय मी. तुझ्या भावजयीनं तुला सांगितलंच आहे की घशाचं छोटंसं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही. आज नववा दिवस. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही, हसायचं तेही गालातल्या गालात. लहान मुलांची पांढरी पाटी गळ्यात अडकवून घरभर फिरतोय. भावजय तुझी खुशीत आहे. म्हणते, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच या घरात शेवटचा शब्द माझा असतो. ताईंना फोन करून सगळं सांगून टाकते, असं ती दोनदा म्हणाली आणि मी पाटीवर दोनदा 'नको' लिहिलं. काही गोष्टी ज्याच्या त्यानंच सांगायच्या असतात.

पत्र लांबणार आहे, पण कृपा करून शेवटचं पान आधी उघडू नकोस. तू तेहतीस वर्षं गणित शिकवलंस आणि नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला, ते बरोबर असलं तरी, भोपळा दिलास. मलाही दिला होतास. मी सहावीत होतो, परीक्षा घरातली, परीक्षक तू, आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. आधी कृती दाखव, मग उत्तर, हा तुझा कायदा. शिवाय तुला मी चांगला ओळखतो. नुसतं 'असं असं कर' म्हटलं की तू बरोब्बर उलटं करतेस. म्हणून मी आज पायरी न गाळता लिहिणार आहे. एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो की या गणितात एक चूक आहे, ती माझी आहे, आणि ती चालत चालत तुझ्या दारापर्यंत आलेली आहे.

तू सगळीकडे सांगत सुटतेस की आमचा धाकटा आवाजाचा डॉक्टर आहे. डॉक्टर नाही गं मी, मोजणारा आहे. घशात कॅमेरा घालून बघतात त्या आमच्या डॉक्टरीणबाई. पण त्या कॅमेऱ्याची रांग दोन दोन महिन्यांची असते, त्यामुळे आधी माणूस माझ्या खोलीत येतो. तू ती खोली पाहिली आहेस. खिडकी नाही, भिंतींना राखाडी स्पंज, दार असं जाड की बंद केल्यावर स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी. माणसाला खुर्चीत बसवायचं, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि सांगायचं, एकाच दमात, एकाच पट्टीत, पाच सेकंद 'आ' म्हणा. असं तीनदा. मग सगळ्यांसाठी ठरलेला, तो माळ्याच्या बागेचा उतारा वाचायला द्यायचा. गळ्यातले दोन स्वरतंतू एका सेकंदात शे-दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. प्रत्येक आपटणं आधीच्यापेक्षा किती लवकर किंवा उशिरा झालं ते यंत्र मोजतं आणि त्याचा एक आकडा देतं. आम्ही त्याला 'डगमग' म्हणतो. बाकीही पाच-सहा आकडे येतात, खरखर किती, श्वास किती वाया जातो, पण पहिला मान डगमगीचा. ती एकच्या आत असली की आवाज ठीक. एकच्या वर गेली की माझ्या हातून लाल शेरा पडतो आणि त्या माणसाला कॅमेऱ्याच्या रांगेत पुढे घेतात. कुणी लवकर तपासला जायचा आणि कुणाला 'तीन महिन्यांनी या' म्हणायचं, हे बऱ्याचदा माझ्या त्या एका आकड्यावर ठरतं.

एक गंमत सांगतो. डगमग कुणाचीच शून्य नसते. अगदी ठणठणीत पोरीचा, कसलेल्या गायकाचा आवाजसुद्धा आतून बारीक हलत असतो. शून्य फक्त यंत्रातल्या सुराची येते आणि तो ऐकवत नाही. आजारी आवाज फक्त जास्त हलतो, इतकाच फरक. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कुणालाच स्वतःचा आवाज माहीत नसतो. आपला आवाज आपण कवटीच्या आतून ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. माझ्या खोलीत रेकॉर्डिंग ऐकवलं की दहातले नऊ जण म्हणतात, छे, हा मी नव्हेच. मी त्यांना समजुतीनं सांगतो की बाबा रे, हाच तू आहेस, जगाला तू असाच ऐकू येतोस. एकवीस वर्षं हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं की ते मलाही लागू आहे हे विसरूनच गेलो.

आता मुद्द्याची पायरी. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो ना, हे बघितल्याशिवाय दुकानदारानं माल मोजू नये, तसं आमचं यंत्रही रोज सकाळी पडताळून बघावं लागतं. त्यासाठी एक ठरावीक सूर काढणारी डबी मिळते. आमची डबी मी लागलो त्याच वर्षी बिघडली. तेव्हाचे आमचे सर म्हणाले, डबी कशाला हवी, तुझा गळा काय वाईट आहे? आणि खरंच, माझा आवाज सरळ होता. डगमग पॉइंट चार. सोमवार असो, शनिवार असो, सर्दी असो, नसो, पॉइंट चार. तेव्हापासून रिवाज पडला, सकाळचा पहिला 'आ' माझा. कोट खुंटीला लावायचा, खुर्चीत बसायचं, 'आ' करायचं, वहीत तारीख आणि आकडा टाकायचा आणि मग पहिल्या पेशंटला आत बोलवायचं. सर निवृत्त झाले, यंत्रं दोनदा बदलली, नवी डबी मागवायची राहूनच गेली. खरं सांगू? राहून गेली नाही, मी मागवली नाही. आख्ख्या हॉस्पिटलची मोजपट्टी म्हणजे आपला गळा, याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी वहीत पॉइंट सहा आला. मी माइकचा स्पंज बदलला. महिन्यानं पॉइंट सात. मी वायर बदलली. मग वरच्या मजल्यावर नवा एसी बसवला होता, त्याला बोल लावला. मग लिफ्टच्या मोटारीला. मग सफाईवाल्या मामांना, की तुम्ही खोली ओल्या फडक्यानं पुसता आणि दमट करता. बिचारे आठवडाभर सुक्या फडक्यानं पुसत होते. यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं. त्यानं आपली सुराची डबी लावून दाखवलं की यंत्र चोख आहे. मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर काउंटरवरच्या बाईंना म्हणालो, याची डबी जत्रेतली दिसते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते मी पाहिलं नव्हतं, करून दाखवलं. दरम्यान घरात काय चाललं होतं? भावजय म्हणायची, तुमचा आवाज आजकाल बसल्यासारखा येतो. मी म्हणायचो, मला शिकवतेस? एकदा फोनवर वाण्यानं मला विचारलं, 'आजोबा, घरात दुसरं कुणी आहे का?' मी रागानं वाणी बदलला.

आणि मग मी ती वजावट सुरू केली. तुला एका वाक्यात कळेल. माझा आवाज पॉइंट चारचा, हे माझ्या मते ठरलेलं. यंत्र दाखवतं पॉइंट नऊ. म्हणजे यंत्र पॉइंट पाच जास्त दाखवतं. रिकामा काटा शंभर ग्रॅम दाखवत असेल तर प्रत्येक मालातून शंभर ग्रॅम वजा करायचे, हे मला तूच शिकवलं होतंस, दगडाचं वजन आणि कांद्याचं वजन घेऊन. म्हणून मी प्रत्येक पेशंटच्या डगमगीतून पॉइंट पाच वजा करायला लागलो. माझा आकडा वाढला की वजावट वाढवायची. पॉइंट सहा, पॉइंट आठ, शेवटी पॉइंट नऊही पुरेना, पूर्ण एकाच्या वर गेलो. डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं होतं, चोरून काही केलं नाही. त्या म्हणाल्या, तुमचं यंत्र, तुम्ही जाणे. इतक्या वर्षांचा विश्वास होता त्यांचा. रिकामा काटा म्हणून मी ज्याला धरलं होतं तो रिकामा नव्हताच, त्यावर काहीतरी बसलेलं होतं, हे चौदा महिने माझ्या डोक्यात आलं नाही. यंत्र चुकेल, वीज चुकेल, एसी चुकेल, पण आपला गळा चुकणार नाही. आपला तो बाब्या.

उलगडा झाला तो काउंटरवरच्या बाईंमुळे. सोळा दिवसांपूर्वीची, मंगळवारची गोष्ट. आदल्या दिवशी, सोमवारी, भावजयीचे डोळे तपासायचे म्हणून मी रजा घेतली होती. सकाळचा 'आ' कुणी करायचा? बाईंनी केला. दिवसभर फोनवर कचाकचा भांडणाऱ्या बाई त्या, दुसऱ्या मजल्यावर ऐकू जातात. मंगळवारी मी वही उघडली तर त्यांच्या हातचा आकडा, पॉइंट तीन. मला हसू आलं. म्हटलं, बाई, तुम्ही बटण चुकीचं दाबलंत. त्या म्हणाल्या, 'बटण तेच, माणूस वेगळा. परत करून दाखवते, पैज?' परत पॉइंट तीन. मामांना बसवलं, तंबाखू थुंकून आले बिचारे, त्यांचा पॉइंट सहा. डॉक्टरीणबाई जाता जाता डोकावल्या, त्यांना बसवलं, पॉइंट चार. कुणाच्याच आकड्यातून काही वजा करायची गरज नव्हती. मग मी बसलो. एक पॉइंट सहा. खोलीतल्या आम्ही चौघांनीही वाकून तो आकडा पाहिला. मामा म्हणाले, साहेब, मी ओल्या फडक्यानं पुसलं नाही हो.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बसवून नाकातून कॅमेरा घातला. मी पडद्याकडे बघत होतो. एकवीस वर्षं मी या तंतूंचे आकडे मोजले होते, स्वतःचे कधी पाहिले नव्हते. उजवा छान पांढराशुभ्र, काठ सरळ. डाव्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खरबरीत चट्टा. डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा काढला, हात धुतले आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या, तेव्हाच मला कळलं. गेल्या बुधवारी तो चट्टा काढला. परवा रिपोर्ट आला. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण मुळं खोल गेलेली नाहीत. दर दोन महिन्यांनी बघत राहायचं. वर्षभर आधी आला असतात तर एवढंही कापावं लागलं नसतं, आणि वर्षभर उशिरा आला असतात तर मी काही सांगू शकले नसते, असं त्या म्हणाल्या. आवाज परत येईल, पण तो पूर्वीचा नसेल. मला त्याचं फार वाटत नाही. झाला तेवढा गर्व पुरे.

वाटतं ते दुसऱ्यांचं. चौदा महिन्यांत मी वजावट करून दोनशे बारा जणांचे आकडे दिले. त्याच संध्याकाळी मी आणि काउंटरवरच्या बाई बसलो आणि प्रत्येकाच्या आकड्यात वजा केलेलं परत मिळवलं. एकेचाळीस जण एकच्या वर गेले. एकेचाळीस माणसं, ज्यांना मी म्हटलं होतं की ठीक आहे, पाणी प्या, तीन महिन्यांनी या. बाईंनी तीन दिवसांत सगळ्यांना फोन लावले, एरवीची भांडखोर वाणी गुंडाळून ठेवून, इतक्या मऊ आवाजात की मला तिथं बसवेना. लोक आले. एक भाजीवाली आली, तिच्या तंतूंवर ओरडून ओरडून गाठी आल्या होत्या, साध्या, औषधाशिवाय जाणाऱ्या. ती मला म्हणाली, 'स्वतःचा घसा फाटलाय आणि मला सांगत होता पाणी प्या!' आणि पदर तोंडाला लावून खूप हसली. सदतीस जणांचं असंच किरकोळ निघालं. चौघांचं नाही. त्यांतला एक निवृत्त ट्रकचालक आहे, तो माझ्याकडे येऊन गेल्याला अकरा महिने झाले होते. त्याचा आवाज आता ठेवता येणार नाही. मी त्याच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं, वजावट म्हणजे काय तेही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत.' ताई, त्यानं माझी कॉलर धरली असती ना, तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या आवाजाबद्दल मी तुला कधी काही लिहिलं नाही. आईचं दुखणं वाढलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू तेरा. मला हाक मारायचं काम तुझ्याकडे आलं. जिन्याच्या खाली उभी राहून तू हाक मारलीस की तीन घरं पलीकडे खेळत असलो तरी पाय आपोआप वळायचे. पुढे त्या हाकेतून मला हवामान कळायला लागलं. हाक वर चढत संपली तर जेवण वाढलेलं आहे. सपाट आली तर उत्तरपत्रिका सापडलेली आहे. आणि शेवटी किंचित चिरकली तर आईला बरं नाही, धावत ये. मी ही नोकरी धरली तेव्हा सर म्हणाले, याला कान उपजत आहे. उपजत कसला, तुझ्या हाका ऐकून ऐकून झाला. तुझ्या शाळेत तर मुलं म्हणायची की बाई तिसऱ्या वर्गात शिकवतात आणि पाचव्या वर्गातल्यांचे पाढे पाठ होतात.

आठ महिन्यांपूर्वी भाऊजींच्या चष्म्यासाठी तुम्ही आलात तेव्हा तुझा घसा बसलेला होता. तूच म्हणालीस की दोन महिने झाले, जातच नाही. मी म्हटलं चल, तुला माझं दुकान दाखवतो. रविवार होता, हॉस्पिटल रिकामं. तुला खुर्चीत बसवलं. तीनदा 'आ' झाला. मग तू उतारा वाचायला घेतलास आणि मध्येच थांबलीस. माळ्यानं बारा झाडांच्या पाच रांगा लावल्या आणि बागेत सत्तर झाडं झाली? 'बारा पंचे साठ! उरलेली दहा याच्या काकानं लावली का?' एकवीस वर्षांत हजारो लोकांनी तो उतारा वाचला, ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. मी हसून हसून बेजार झालो. आकडा आला. मी वजावट केली आणि तुला सांगितलं, पॉइंट नऊ, काठावर पास. तू म्हणालीस, मी आयुष्यात पहिल्यांदाच काठावर पास झाले. मग आपण तिघं बाहेर चहा प्यायलो आणि तू तीन वाजताच्या बसनं गेलीस.

त्या रविवारी मी तुझा केसपेपर काढला नव्हता. घरच्या माणसाला कसला केसपेपर? त्यामुळे तू रजिस्टरात नाहीस. दोनशे बारांमध्येही नाहीस आणि एकेचाळीसांमध्येही नाहीस. काउंटरवरच्या बाई तुला फोन करणार नाहीत, कारण त्यांना तू माहीतच नाहीस. हे मला त्या पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. बाई यादी वाचत होत्या आणि मी मनात एक नाव जास्त धरत होतो. तरी सोळा दिवस घालवले. आधी म्हटलं, माझं ऑपरेशन होऊ दे. मग म्हटलं, रिपोर्ट येऊ दे. परवा रिपोर्टही आला आणि सगळ्या सबबी संपल्या. काल भावजयीला बरोबर घेऊन त्या खोलीत गेलो आणि तुझं रेकॉर्डिंग लावलं. यंत्रानं दाखवलेला मूळ आकडा तिथं अजून आहे. एक पॉइंट सात. त्यातून मी पॉइंट आठ वजा केले होते. पण आकडा जाऊ दे. मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. दुसऱ्या 'आ'मध्ये तिसऱ्या सेकंदाला तुझा आवाज तुटतो आणि परत जुळतो. कुणाही पेशंटचा असा तुटला असता तर मी आकड्याची वाट न बघता उठून डॉक्टरीणबाईंकडे गेलो असतो. तेव्हाही ते मला ऐकू आलं होतं, ताई. मी कानाडोळा केला, कारण पॉइंट नऊ मला हवा होता. आणि दोन महिन्यांपूर्वी भाऊजी फोनवर काय म्हणाले ते तुला माहीत नसेल. म्हणाले, 'अजून घसा बसलेलाच आहे, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, माझ्या भावानं मशीनवर बघितलंय, तो त्यातलाच आहे.' मी तेव्हा सुखावलो होतो.

तर उत्तर हे. माझ्या आकड्यावर विसंबून तू आठ महिने थांबलीस, आणि तो आकडा खोटा होता. मंगळवारी सकाळी साडेनऊला डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी वेळ ठेवली आहे, रांग नाही, काही नाही, त्या स्वतः बघणार आहेत. आज गुरुवार. कुरिअरवाला म्हणतो, उद्या दुपारपर्यंत पत्र तुझ्या हातात पडेल. तुम्ही दोघं सोमवारीच या, भावजयीनं खोली लावून ठेवली आहे. कदाचित भाजीवालीसारख्या साध्या गाठी असतील. तसंच असो. पण मी आता तुला काहीच सांगणार नाही, बघतील त्या सांगतील. त्या रविवारी खोलीचं दार ओढून घेताना तू मला विचारलं होतंस, 'नक्की काही नाही ना रे?' तू कुणाला एक गोष्ट दोनदा विचारत नाहीस, आणि त्या दिवशी ती दुसऱ्यांदा विचारत होतीस. मी दिवा बंद करता करता म्हणालो, 'नक्की.' ताई, तो शब्द मी परत घेतो आहे. ये.

तुझाच,
धाकटा